साय ते साजूक तूप: वास का येतो, लोणी का निघत नाही, कणी का पडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज एक लीटर पिशवीचं दूध तापवून त्याची साय दहा-बारा दिवस फ्रिजमध्ये साठवली जाते. घुसळायला घेतलं की कधी लोणी चटकन येतं, तर कधी अर्धा तास मिक्सर फिरवूनही नुसता फेस होतो. तूप जेमतेम वाटीभर निघतं, त्याला कुबट वास येतो आणि ते रवाळ न होता मेणासारखं थिजतं. कढवताना नेमकं काय चुकतं?

कढवताना फारसं काही चुकत नसणार. तूप बिघडतं ते बहुतेक वेळा सायीच्या डब्यात. कढई गॅसवर चढते तोवर तुपाचा वास आणि त्याचं प्रमाण ठरून गेलेलं असतं. तिथे हाती उरतं ते रंग आणि टिकाऊपणा राखणं. म्हणून सुरुवात दुधापासून करू.

आधी हिशेब. पिशवीवर स्निग्धांशाचा आकडा छापलेला असतो तो वाचा. फुल क्रीम दुधात किमान 6 टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये 4.5, टोन्डमध्ये 3 आणि डबल टोन्डमध्ये 1.5 टक्के स्निग्धांश असतो. गायीच्या दुधाच्या पिशवीत तो साधारण साडेतीनच्या आसपास. 6 टक्क्यांच्या एक लीटर दुधात सगळा मिळून सुमारे 60 ग्रॅम स्निग्धांश आहे. त्यातला निम्मा ते दोन तृतीयांश सायीबरोबर वर येतो आणि बाकीचा दुधातच राहून तुमच्या चहात, दह्यात जातो. घुसळताना थोडा ताकात जातो, थोडा बेरीत, म्हणजे तूप कढवल्यावर तळाशी उरणाऱ्या गाळात, अडकतो. म्हणजे लीटरमागे 30 ते 40 ग्रॅम तूप हाती आलं तर काम उत्तम झालं असं समजा. दहा लीटरला 300 ते 400 ग्रॅम. टोन्ड दूध असेल तर तेवढ्याच दुधातून 100 ते 150 ग्रॅम निघालं तरी तक्रार करू नये, मुळात तेवढंच आहे.

पिशवीवर आणखी एक शब्द शोधा, तो म्हणजे होमोजिनाइज्ड. अशा दुधात स्निग्धांशाचे थेंब मोठ्या दाबाने बारीक छिद्रांतून ढकलून इतके लहान केलेले असतात की ते वर तरंगून येतच नाहीत. हे दूध कितीही तापवा, वर पातळ पापुद्रा धरतो, जाड साय येत नाही, आणि जी येते तिच्यातून लोणी नीट सुटत नाही. दूध भेसळीचं आहे की काय अशी शंका अनेकांना इथेच येते. भेसळ नसते, प्रक्रिया असते. तूप घरी करायचं असेल तर होमोजिनाइज्ड नसलेलं फुल क्रीम दूध किंवा गवळ्याकडचं म्हशीचं दूध घ्या. गोठा ओळखीचा असेल तर उत्तमच.

आता साय धरण्याबद्दल. पातेलं उंच न घेता पसरट घ्या, कारण साय पृष्ठभागावर धरते आणि पृष्ठभाग जेवढा मोठा तेवढी ती जास्त. दूध मोठ्या आचेवर उकळी येईपर्यंत तापवा, मग आच अगदी मंद करून आठ-दहा मिनिटं तसंच ठेवा. या वेळात ढवळू नका. मंद आचेवर पृष्ठभागावरचं पाणी उडतं, प्रथिनांचा पापुद्रा बनतो आणि वर येणारा स्निग्धांश त्याच्या खाली आणि आत अडकतो. गॅस बंद केल्यावर घट्ट झाकण ठेवू नका. वाफेचे थेंब परत सायीवर पडून ती भोकाभोकांची आणि पाणचट होते. जाळीचं झाकण किंवा चाळणी पालथी घाला. पातेलं खोलीच्या तापमानाला आलं की फ्रिजमध्ये सरकवा. उन्हाळ्यात दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. फ्रिजमध्ये आठ-दहा तास त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी तापवलेल्या दुधाची साय सकाळी पोळीसारखी उचलता येते. काढताना कडेने सुरी फिरवून झाऱ्याने उचला आणि क्षणभर निथळू द्या. सायीबरोबर जेवढं दूध डब्यात जाईल तेवढी ती पातळ होते, घुसळायला वेळ लागतो आणि लोण्यात प्रथिनं वाढतात. पावभर सायीत पावभर दूध हे बऱ्याच घरांतल्या डब्यांचं वास्तव आहे आणि 'लोणी येईना'चं ते एक मोठं कारण आहे.

कुबट वासाचं मूळ डब्यातल्या दिवसांत आहे. फ्रिजमध्ये चार-पाच अंशांवर दह्याचे जिवाणू जवळजवळ स्वस्थ बसलेले असतात. थंडीत वाढणारे दुसरे जिवाणू मात्र आपलं काम चालू ठेवतात. त्यांनी सोडलेली विकरं (एन्झाइम) स्निग्धांश फोडतात आणि त्यातून सुटी होणारी आम्लं हाच तो उग्र, साबणासारखा, जुनाट वास. सायीवर पिवळसर कड धरणं, चव घेतली तर जिभेच्या मागच्या बाजूला कडवट लागणं ही त्याची खूण. कढवल्यावर जिवाणू मरतात, पण सुटलेली आम्लं तुपातच राहतात. वेलदोडा, लवंग टाकून वास झाकला तरी असं तूप लवकर खवट होतं. साध्या, न विरजलेल्या सायीला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार दिवस पुरे. पाचवा दिवस ताणायचा नाही.

त्याहून जास्त दिवस साठवायचंच असेल तर दोन चांगले मार्ग आहेत.

पहिला मार्ग फ्रीझरचा, आणि बहुतेक घरांना मी तोच सुचवेन. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा फ्रीझरमध्ये ठेवा आणि रोजची साय त्यात टाकत जा. पंधरा दिवस निर्धास्त राहता येतं. गोठताना बर्फाचे स्फटिक स्निग्धांशाच्या थेंबांभोवतीचं पातळ आवरण फोडतात, त्यामुळे पुढे लोणीही लवकर सुटतं. घुसळायच्या आदल्या दिवशी सकाळी डबा खाली काढा, साय पूर्ण सुटू द्या आणि मग विरजा.

दुसरा मार्ग जुना आहे, तो आंबवून साठवण्याचा. पहिल्या दोन दिवसांची साय जमली की ती कोमट करून चमचाभर ताजं दही मिसळा आणि डबा चार-सहा तास बाहेर ठेवा. आंबट वास सुटला की फ्रिजमध्ये. पुढची साय त्यात घालताना दर वेळी स्वच्छ कोरड्या चमच्याने तळापासून ढवळा. आंबटपणामुळे नको ते जिवाणू दबून राहतात आणि आठवडाभर साय चांगली राहते. इथे चूक होते ती ही, की पहिल्या दिवशी दही घालून डबा लगेच फ्रिजमध्ये जातो. गारठ्यात विरजण लागतच नाही आणि दही घातलंय या समाधानात बारा दिवस निघून जातात.

डबा प्लॅस्टिकचा नको. स्निग्ध पदार्थ वास फार चटकन धरतो आणि धरलेला वास सोडत नाही. कापलेल्या कांद्याची वाटी किंवा लसणाच्या चटणीची बरणी शेजारी उघडी असेल तर तो वास तुपात उतरतो. तांब्या-पितळेचं भांडं कल्हई शाबूत असल्याशिवाय वापरू नका. साय आंबट असते, ती कळकते. शिवाय तांब्याचा अंश अगदी थोडा उतरला तरी तूप खवट व्हायला तेवढं कारण पुरतं.

विरजण. फ्रीझरमधली किंवा ताजी साय पातेल्यात घेऊन बोटाला जेमतेम कोमट लागेल इतकी, म्हणजे 35 ते 38 अंशांपर्यंत, पातेलं गरम पाण्यात ठेवून आणा. थेट गॅसवर ठेवली तर खालून वितळून वर तेल सुटतं आणि तो स्निग्धांश पुन्हा नीट एकजीव होत नाही. अर्धा लीटर सायीला एक मोठा चमचा अदमुरं दही पुरतं. विरजण आंबट असेल तर तूपही आंबूस होतं, म्हणून ते आदल्या दिवशीचं गोडसर दही असावं. उन्हाळ्यात सहा-सात तास, पावसाळ्यात आठ-दहा, आणि पुणे-नाशिककडच्या डिसेंबरात बारा ते चौदा तास. थंडीत डबा फडक्यात गुंडाळून पिठाच्या किंवा तांदळाच्या डब्यात खोचून ठेवला की विरजण बरोबर लागतं. साय घट्ट बसली, कडेला जरा पाणी सुटलं आणि स्वच्छ आंबूस वास आला की थांबायचं. ओट्यावर दोन-दोन दिवस ठेवून अति आंबट होऊ देऊ नका.

विरजणं ही काही नुसती चवीची हौस नाही. साय आंबली की प्रथिनं साखळतात, थेंबांभोवतीची पकड सैल होते आणि लोणी जास्त सुटतं, ताकात कमी जातं. गोड सायीचंही लोणी निघतं, पण तूप वासाला फिकं होतं. ज्या वासाला आपण लोणकढ्या तुपाचा वास म्हणतो त्याचा मोठा भाग या विरजणातून येतो.

आता घुसळणं. इथे सगळा खेळ तापमानाचा आहे. स्निग्धांश थोडा घट्ट आणि थोडा मऊ असताना त्याचे थेंब एकमेकांवर आपटून चिकटतात आणि गोळा होतात. फार गार असेल तर ते दगडासारखे कडक राहतात, चिकटतच नाहीत, नुसती हवा शिरून आइस्क्रीमसारखा फेस होतो. फार गरम असेल तर ते वितळून पुन्हा ताकात मिसळतात, लोणी मलमासारखं भांड्याला माखतं आणि ताक दुधासारखं पांढरंफेक राहतं. म्हशीच्या सायीला 15 ते 18 अंश बरोबर बसतात. गायीचा स्निग्धांश मऊ असतो, तिला दोन-तीन अंश कमी. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर फार महाग नसतो आणि या कामाला तो रवीइतकाच उपयोगी आहे. तो नसेल तर विरजलेली साय तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, मग पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. बोट बुडवलं तर गार लागावं, पण बधिर होऊ नये.

मिक्सर वापरत असाल तर मोठ्या भांड्यात ताक करायचं पातं लावा, वाटणाचं धारदार पातं नको. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. काठोकाठ भरलेल्या भांड्यात साय आपटायला जागाच नसते, नुसती गोल फिरते. सगळ्यात कमी वेगावर दहा-पंधरा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. आधी साय मऊसूत होते, मग फुगून घट्ट होते आणि पातं जागच्या जागी फिरल्यासारखं वाटतं. बरेच जण इथे घाबरून भरपूर पाणी ओततात. घाई करू नका. अर्धी वाटी गार पाणी घाला, कडेची साय चमच्याने आत ढकला आणि पुन्हा थांबत थांबत फिरवा. मिनिटा-दोन मिनिटांत आवाज बदलतो, जड घरघर जाऊन पातळ पाण्याचा डुचमळल्यासारखा आवाज येतो. झाकण उघडलं की मोहरीएवढे कण दिसतील. आता बर्फाचं पाणी वाटीभर घालून दोन-तीनदाच फिरवा. कण ज्वारीएवढे होतात आणि वर तरंगतात. इथे थांबायचं. आणखी फिरवत राहिलात तर मिक्सरच्या उष्णतेने लोणी मऊ होऊन ताक पोटात धरून बसतं.

अर्धा तास फिरवूनही फेसच आहे, तेव्हा काय करावं? आधी बोट घालून बघा. गार असेल तर दोन मोठे चमचे कोमट पाणी घाला, पाच मिनिटं थांबा आणि मग फिरवा. मऊ, तेलकट, कोमट लागत असेल तर भांडं तसंच अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग बर्फाचे दोन-चार तुकडे घालून चमच्याने किंवा रवीने घुसळा. दहापैकी नऊ वेळा लोणी येतं. उरलेली एक वेळ होमोजिनाइज्ड दुधाची किंवा सायीत फार दूध असल्याची.

रवी आणि उंच पातेलं असेल तर जास्त साय एका वेळी होते आणि लोणी तापत नाही. लीटरभर सायीच्या पुढे मिक्सरपेक्षा रवीच बरी.

लोणी ओंजळीने गोळा करून दुसऱ्या भांड्यात घ्या आणि गार पाण्याने दोनदा धुवा. हात आधी गार पाण्यात बुडवले की लोणी चिकटत नाही. पहिलं पाणी दुधाळ येतं, दुसरं निवळसर. तिसऱ्यांदा धुवायची गरज सहसा नसते. ताक आत राहिलं तर कढवताना फेस खूप येतो, बेरी दुप्पट पडते आणि ती तळाला लागून जळते. अगदी निर्मळ होईस्तोवर चार-पाच वेळा धुतलं तर उलटा तोटा होतो, बेरी नावालाच राहते आणि तुपाला वास येत नाही, कारण खमंगपणा येतो तो बेरी तांबूस होताना. नैवेद्याला, खायला ताजं लोणी हवं असेल तर धुतलेला गोळा गार पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, दोन-तीन दिवसांत संपवा.

कढवायला जाड बुडाचं, लोण्याच्या तिप्पट मावेल असं भांडं घ्या. अर्धा किलो लोण्याला किमान दीड-दोन लीटरचं. घरच्या लोण्यात पाणी आणि ताक मिळून पाव ते एक तृतीयांश वजन असतं, तेव्हा अर्ध्या किलोचं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास तूप होईल आणि त्याला 25 ते 35 मिनिटं लागतील. मध्यम आचेवर लोणी वितळू द्या. पांढरा दाट फेस वर येतो, या वेळी समोरून हलू नका, उतू जातं ते इथेच. फेस चढायला लागला की डावाने ढवळा आणि तळ खरवडत राहा. मग बराच वेळ खदखद चालते. पाणी उडत असतं, तोवर तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं आणि काही जळत नाही. या वेळात पोळ्या लाटून घेतल्या तरी चालेल.

खदखद कमी होऊन बारीक चुरचुर ऐकू येऊ लागली की पोळ्या बाजूला ठेवा. आच अगदी मंद करा. तूप निवळतं, तळाची बेरी दिसू लागते. आधी ती पांढरी, मग सायीच्या रंगाची, मग फिकट बदामी होते. तापमान भराभर चढून 110 ते 115 अंशांवर जातं. शेवटची चार-पाच मिनिटंच रंग आणि वास ठरवतात. वर पुन्हा एकदा अगदी बारीक, साबणासारखा फेस येतो, खमंग वास सुटतो, आवाज जवळजवळ थांबतो. बेरी बिस्किटाच्या रंगाची झाली की गॅस बंद. भांडं गरम असल्याने ती आपोआप आणखी एक छटा गडद होते. गॅसवरच तांबडी होऊ दिली तर खाली उतरवल्यावर काळपट होणार. दक्षिणेकडे तूप याहून जास्त, चांगलं तांबूस होईपर्यंत कढवतात आणि त्याचा खमंगपणा वेगळाच असतो. पण वरण-भाताच्या मुदीवर, पुरणपोळीवर घालायला आपल्याकडचं फिकं तूपच शोभतं.

पाणी पूर्ण गेलं का हे पाहायला कापसाची वात तुपात भिजवून पेटवा. शांत जळली तर पाणी नाही, तडतडली तर आणखी दोन मिनिटं मंद आच द्या. पाणी राहिलेलं तूप महिन्याभरात आंबूस होतं, तळाशी बुरशीही धरते. पाण्याचा हबका मारून 'चर्र' आवाज ऐकायची पद्धत अनेक घरांत आहे. ती करायचीच असेल तर गॅस बंद करून, दोन-चार थेंबच, चेहरा लांब ठेवून. तूप फार उडतं आणि मुलं जवळ असतील तर ती पद्धत नकोच.

विड्याचं पान टाकण्याला चांगला अर्थ आहे. पानात तेलाचं खवटपण लांबवणारी द्रव्यं असतात. पान पुसून पूर्ण कोरडं करा, गॅस बंद करायच्या दोन-तीन मिनिटं आधी टाका, कुरकुरीत झालं की काढा. अर्ध्या किलो लोण्याला एक पान पुरे. मीठ, हळद, मेथीदाणे यांतलं काही घालणं चवीवर आहे. वेलदोडा मात्र मी घालू देणार नाही, त्याने तूप आमटी-भाताला परकं होतं.

गाळण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं थांबा, बेरी खाली बसते. स्टीलची बारीक गाळणी आणि बरणी दोन्ही उन्हात किंवा ओव्हनमध्ये पूर्ण कोरडी केलेली असावीत. काचेच्या बरणीत फार गरम तूप ओतलं तर ती तडकते, म्हणून हाताला भांडं जेमतेम सोसवेल इतकं झाल्यावर ओता. बरणी काठापर्यंत भरा, वर हवेची जागा जितकी कमी तितकं चांगलं. उन्हाच्या आणि शेगडीच्या जवळ ठेवू नका. ओला चमचा एकदाच बुडतो, पण तेवढ्याने बरणी जाते.

रवाळपणाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त नाराजी त्याचीच असते. कणी पडते ती तूप सावकाश थिजताना. 28 ते 30 अंशांच्या आसपास तूप निवांत राहिलं तर मोठे, साखरेसारखे दाणे होतात. फ्रिजमध्ये ठेवलं तर सगळं एकदम थिजतं, दाण्याला वाढायला वेळच मिळत नाही आणि मेण होतं. थंडीत ओट्यावर उघडं ठेवलं तरी तेच. बरणी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून बंद कपाटात रात्रभर ठेवा आणि मधे हलवून पाहू नका. मेण झालेलं तूप वाया गेलेलं नसतं. बरणी गरम पाण्यात ठेवून पूर्ण वितळू द्या, 30 अंशांवर येईपर्यंत थांबा, जुन्या रवाळ तुपाचा एक चमचा त्यात हलकेच मिसळा आणि दिवसभर गुंडाळून ठेवा. जुन्या दाण्यांभोवती नवे दाणे धरतात, जसं दुधात विरजण.

म्हशीचं तूप पांढरं आणि जास्त रवाळ असतं, गायीचं पिवळसर आणि मऊ. गायीच्या दुधात कॅरोटीन हे पिवळं रंगद्रव्य तसंच उतरतं, म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून हा रंगाचा फरक. एप्रिल-मे महिन्यांत नागपूर-अकोल्याकडे गायीचं तूप दिवसभर पातळ राहतं किंवा खाली दाणे आणि वर तेल असे दोन थर होतात. ती भेसळीची खूण नाही. गायीच्या 'बिलोना', म्हणजे दही रवीने घुसळून काढलेल्या, तुपाची जाहिरात पाहाल तेव्हा मात्र वरचाच हिशेब वापरा. साडेतीन-चार टक्के स्निग्धांशाच्या दुधातून एक किलो तुपाला, जराही वाया गेलं नाही तरी, 25 ते 28 लीटर दूध लागतं. तुमच्या गावातल्या गायीच्या दुधाचा भाव त्याला गुणा आणि मग बरणीवरची किंमत बघा.

परदेशात असाल आणि दुधावर साय येत नसेल, तर बिनमिठाच्या बटरपासून तूप करणं सगळ्यात सोपं. अमेरिकेत बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो, युरोपातल्या बऱ्याच बटरमध्ये 82. एक पौंड, म्हणजे 454 ग्रॅम बटरचं साधारण 340 ग्रॅम तूप होतं. 'कल्चर्ड' लिहिलेलं बटर मिळालं तर तेच घ्या, ते विरजलेल्या क्रीमचं असतं आणि तूप घरच्यासारखं लागतं. खारं बटर नको, मीठ बेरीत उतरून ती खाता येत नाही. खास आपला वास हवा असेल तर हेवी क्रीम कोमट करून त्यात जिवंत जिवाणू असलेलं साधं दही घाला आणि वर सांगितल्याप्रमाणे विरजून घुसळा.

तूप करपलंच तर करपलेला वास जात नाही. बटाटा टाकून, पुन्हा कढवून काही होत नाही. रंग फक्त तांबूस झाला असेल तर खिचडीच्या फोडणीला, आमटीला ते छान लागतं. कडू झालं असेल तर देवाजवळच्या दिव्याला वापरा.

सायीचं ताक दाट असतं. ते त्याच दिवशी कढीला घ्या, दीडपट पाणी आणि लीटरमागे दोन मोठे चमचे बेसन लावून. बेरी गरम असतानाच तिच्यात गूळ किंवा पिठीसाखर मिसळून पोळीबरोबर द्या, मुलं वाट बघत असतात. उरली तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच, कारण तिच्यात ओल आणि प्रथिनं दोन्ही आहेत. आणि तुपाचं पातेलं लगेच घासायला टाकू नका. त्यातच कणीक घेऊन भांड्याच्या कडा-तळ पुसत भिजवा, कडेची राहिलेली बेरीही तिच्यात जाऊ द्या. त्या दिवशीच्या पोळ्यांना वेगळं मोहन लागत नाही.